सहा व्होल्ट, एक पेडल आणि ऐंशी वर्षांचे इंजिन

१९४४च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीतून निघालेल्या दोस्त फौजा इतक्या झपाट्याने पुढे सरकल्या, की त्यांचे पेट्रोल, दारूगोळा आणि शिधा मागेच राहिला. फ्रान्सची रेल्वे दोस्तांच्याच बाँबफेकीत मोडून पडली होती, त्यामुळे सगळा भार ट्रकांवर आला. २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने वाहतूक सुरू झाली. पाचव्याच दिवशी, २९ ऑगस्टला, ५,९५८ वाहनांनी १२,३४२ टन माल आघाडीकडे पोचवला. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आफ्रिकन-अमेरिकन सैनिक होते. १६ नोव्हेंबरपर्यंत हा ओघ रात्रंदिवस चालू राहिला आणि त्याचा मुख्य भार वाहिला तो एका अडीच टनी ट्रकने. त्याचे नाव जीएमसी सीसीकेडब्ल्यू.

तिन्ही अ‍ॅक्सल चालते, ४.४ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि सहा व्होल्टची बॅटरी असा हा ट्रक. युद्धकाळात अमेरिकेने असे पाच लाखांहून अधिक ट्रक बनवले. आसामातल्या लेडोहून चीनमधल्या कुनमिंगपर्यंत जंगल आणि डोंगर कापून जो १,०७९ मैलांचा रस्ता बांधला गेला, त्यावरही अमेरिकन अडीच टनी ट्रकच धावले. त्या रस्त्यावरचा पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगमध्ये पोचला. युद्ध संपल्यावर भारतात उरलेली अमेरिकन लष्करी वाहने डिस्पोजलमध्ये विकली गेली. युरोपात तर फ्रेंच सैन्याने हे ट्रक पुढे कित्येक वर्षे वापरले.

आज त्यांतले जे उरले आहेत, ते हौशी माणसांच्या शेडमध्ये आणि संग्रहालयांत आहेत. वर्षातून चार-दोनदा ते बाहेर निघतात, दर जूनमध्ये नॉर्मंडीच्या रस्त्यांवर त्यांच्या रांगा लागतात. मधल्या काळात ते उभे असतात, आणि उभे राहणे हेच जुन्या इंजिनाचे मोठे दुखणे आहे. समारंभाच्या सकाळी मालक पेडल दाबतो, इंजिन जड आवाजात दोन फेरे घेते आणि थांबते. मग नवे प्लग, नवी कॉइल, नवे कंडेन्सर असा खर्च सुरू होतो आणि शेवटी कोणीतरी बारा व्होल्टची बॅटरी लावायचा सल्ला देतो. बहुतेक वेळा यातल्या कशाचीच गरज नसते. हा ट्रक ज्या सैन्यासाठी बनला, त्याने दोष शोधायची पद्धत ट्रकाबरोबरच तयार केली होती, आणि ती आजही तितकीच उपयोगी आहे.

अमेरिकन सैन्यात दुरुस्तीची पहिली पायरी चालक स्वतः असे. त्याच्यासाठी टीएम ९-८०१ नावाची पुस्तिका होती. ‘आर्मी मोटर्स’ या मासिकात विल आयस्नर हा चित्रकार ‘जो डोप’ नावाचा वेंधळा सैनिक रंगवून गाडीची हेळसांड कशी महागात पडते हे दाखवत असे. वाचणारा सैनिक अनेकदा शेतावरून नाहीतर कारखान्यातून आलेला विशीतला तरुण असे. त्याच्या हाती मोजकी हत्यारे, आणि वर अंधार नाहीतर पाऊस. त्यामुळे पद्धत एकच शिकवली गेली: सुटे भाग बदलत बसायचे नाही, आधी तपासायचे, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. पहिला प्रश्न, इंजिन पुरेशा वेगाने फिरते का? ते फिरत असेल, तरच दुसरा: ठिणगी पडते का, पेट्रोल पोचते का, दाब तयार होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चालकाच्या पायाखाली सुरू होते. सीसीकेडब्ल्यूमध्ये किल्ली फिरवून सेल्फ मारायची सोय नाही. फळीवर स्टार्टरचे पेडल आहे. ते दाबले की एक तरफ स्टार्टरचे छोटे दातेरी चाक ढकलून फ्लायव्हीलच्या कड्यात अडकवते आणि दाबाच्या अखेरीस तांब्याचे जाड संपर्क एकमेकांवर टेकवते. मध्ये सोलेनॉइड नाही, रिले नाही. या तरफेची जुळणी बिघडली तर दोन प्रकार होतात. संपर्क टेकायच्या आत पेडल फळीला लागले, तर काहीच घडत नाही आणि मालक बॅटरीला दोष देत बसतो. संपर्क लवकर टेकले, तर दाते नीट अडकायच्या आधीच स्टार्टर फिरू लागतो आणि कड्यावरून खरवडल्याचा आवाज येतो. दोन्ही दोष पान्याने दुरुस्त होणारे आहेत. पेडल दाबण्यापूर्वी गिअर न्यूट्रलला आणि चाकांना ठोकळे हवेत, कारण गिअरमध्ये राहिलेला ट्रक स्टार्टरच्या जोरावर पुढे सरकतो.

आता सहा व्होल्टची गोष्ट. ती सविस्तर सांगायलाच हवी, कारण सुरू न होणाऱ्या जुन्या ट्रकांच्या बऱ्याच तक्रारी इथेच येऊन थांबतात. स्टार्टरला जी ताकद लागते, ती व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारातून येते. व्होल्टेज निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट. समजा, सहा व्होल्टच्या स्टार्टरला ३०० अँपियर लागले आणि बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या जोडांमध्ये मिळून एका ओहमच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट, एवढाच अडथळा आहे. तेवढ्याने ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सहातले ०.९ म्हणजे १५ टक्के. हाच अडथळा बारा व्होल्टच्या गाडीत असता, तर १५० अँपियरला ०.४५ व्होल्ट गेले असते, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. तोच गंज, तीच सैल क्लँप, पण जुन्या ट्रकाला तिचा चौपट फटका बसतो.

नुकसान इथेच संपत नाही. इग्निशनची कॉइलही त्याच बॅटरीवर चालते. स्टार्टर ओढत असताना बॅटरीच्या टोकांवर पाच व्होल्ट उरले आणि वाटेत आणखी गळती झाली, तर कॉइलला मिळणारा वीजपुरवठा तुटपुंजा ठरतो आणि ठिणगी मलूल होते. इंजिन हळू फिरते आणि पेटतही नाही, तेव्हा दोन वेगळे बिघाड झालेत असे वाटते. प्रत्यक्षात कारण एकच असते.

हे शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो. पायाच्या स्टार्टरचा इग्निशनच्या स्विचशी संबंध नसतो, म्हणून इग्निशन बंद ठेवूनच ही तपासणी करता येते. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवायची. क्लँपवर नव्हे, खुद्द खांबावर. दुसरी सुई स्टार्टरच्या टर्मिनलवर. मग मदतनिसाने पेडल दाबायचे. मीटर जो आकडा दाखवेल, तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवत आहेत. मग हीच चाचणी अर्थच्या बाजूला: बॅटरीचा दुसरा खांब आणि स्टार्टरचे शरीर. मग स्टार्टर स्विचच्या दोन टोकांमध्ये. प्रत्येक टप्प्यावर ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. कुठे अर्धा व्होल्ट दिसला, की चोर सापडला. ओहममीटर लावून हे कळत नाही, कारण एवढा सूक्ष्म अडथळा साधा मीटर मोजू शकत नाही. जोडातून खरोखर शेकडो अँपियर वाहू लागले, तरच तो उघडा पडतो.

सर्वांत जास्त चोऱ्या अर्थच्या बाजूला होतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणजे ते चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. त्यांना जोडणारी पट्टी गंजली, तर करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी चोकच्या तारेतून तर कधी अ‍ॅक्सिलरेटरच्या दांड्यांमधून जाते. सेल्फ मारताना चोकची तार गरम झाली किंवा तिच्यातून धूर निघाला, तर मीटर शोधण्याचीही गरज नाही.

यातला एक प्रकार जीव लावून काम करणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. ट्रक सुटा केला, चासी खरवडली, प्रायमर मारला, वर लष्करी हिरव्या रंगाचे दोन हात दिले आणि सगळ्या वायरी नव्या रंगावर बोल्ट केल्या. रंग हा उत्तम विद्युतरोधक आहे. गंजक्या अवस्थेत सुरू होणारा ट्रक देखणा झाल्यावर रुसतो, तो त्यामुळे. अर्थच्या प्रत्येक बोल्टाखाली उघडा, चकचकीत धातू हवा. जोड घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावावे म्हणजे पुन्हा गंज धरत नाही. बॉनेटवरच्या क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर असेल, तर त्या ट्रकाच्या इग्निशनमुळे वायरलेसमध्ये खरखर येऊ नये अशी व्यवस्था केलेली होती. त्यात इंजिन, बॉनेट आणि चासी यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या जागोजागी असत. नूतनीकरणात या पट्ट्या फालतू समजून फेकल्या जातात. त्या परत लावलेल्या बऱ्या.

केबलच्या जाडीचाही असाच घोटाळा होतो. आजच्या दुकानात मिळणारी तयार बॅटरी केबल बारा व्होल्टच्या गाडीसाठी असते. वरचे आवरण जाड, आत तांबे बारीक. सहा व्होल्टच्या मोठ्या इंजिनाला ‘डबल झीरो’ मापाची, म्हणजे सुमारे ६७ चौरस मिलिमीटर तांबे असलेली केबल शोभते.

बॅटरी तपासायची तर हायड्रोमीटरने. तिचे सेल तीनच. पूर्ण चार्ज असताना आतल्या अ‍ॅसिडची घनता १.२७च्या आसपास असते आणि तीन सेलांत फारसा फरक नसतो. एक सेल मागे पडला असेल तर बाहेरून सहा व्होल्ट दिसले तरी भार येताच बॅटरी बसते. बॅटरी आणि जोड दोन्ही निर्दोष ठरूनही इंजिन जड फिरत असेल, तर स्टार्टर उतरवावा. त्याच्या टोकाची पितळी बुश झिजली, की आर्मेचर आतल्या पोलांना घासू लागते आणि करंट नुसता उष्णतेत जातो. गरम इंजिनावर हा दोष जास्त जाणवतो.

बारा व्होल्टची बॅटरी सहाच्या स्टार्टरला जोडली, की इंजिन जोरात फिरते यात शंका नाही. पण फ्लायव्हीलच्या दातांवर बसणारा तडाखाही वाढतो, आणि ते कडे बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आले. आठ व्होल्टची बॅटरी लावणारे पुढे चार्जिंगच्या रेग्युलेटरशी आणि बल्बांशी झगडत राहतात. १९४४मध्ये हेच ट्रक बर्फात आणि चिखलात सहा व्होल्टवर सुरू होत होते. ती व्यवस्था कमकुवत नाही. तिला स्वच्छ जोड आणि जाड तांबे लागते, एवढेच.

या ट्रकाला पुढून हँडल मारायची सोय आहे आणि ते हँडल तपासणीचे फार चांगले साधन आहे. हँडलने इंजिन फिरवताना स्टार्टर करंट ओढत नाही, त्यामुळे बॅटरीचे सगळे व्होल्ट कॉइलला मिळतात. पेडलने दमवणारा ट्रक हँडलच्या दोन फेऱ्यांत पेटला, तर ठिणगी, पेट्रोल आणि दाब ठीक आहेत. दोष स्टार्टरच्या वाटेतच आहे. महिनाभराचा खर्च एका हिसड्यात वाचतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळवायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा आणि मनगट मोडते.

आता समजा, इंजिन जोमाने फिरते आहे, तरी पेटत नाही. प्लगची एक वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचे, हातात सुका रबरी मोजा घालून, आणि जवळपास पेट्रोलची वाफ नाही हे पाहून. निळी, कडक आवाजाची ठिणगी पडली तर पुढे जावे. पिवळसर, अशक्त ठिणगी पडली किंवा पडलीच नाही, तर आपल्या गॅरेजांत ज्याला डेल्को म्हणतात त्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. महिनोन्‌महिने उभ्या ट्रकात पॉइंटवर ऑक्साइडची पातळ झिल्ली धरते. डोळ्याला पॉइंट स्वच्छ दिसतात, पण करंट जात नाही. जाड, कोरा कागद मध्ये धरून दोन-चारदा ओढला की हा दोष अनेकदा तिथेच संपतो. पॉइंटची फट साधारण अर्धा मिलिमीटर.

पॉइंट उघडताना त्यांच्यात ठळक निळी ठिणगी पडत असेल, तर कंडेन्सर मेलेला आहे. इथे एक सापळा असतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात युद्धकालीन लष्करी खोक्यांतले, न वापरलेले कंडेन्सर मिळतात आणि मालक ते आनंदाने घेतात. पण आतला विद्युतरोधक कागद वर्षानुवर्षे ओल शोषत राहतो. सीलबंद खोक्यातला कंडेन्सर बसवल्या दिवशीच निकामी निघू शकतो. अस्सलपणा जपायची हौस बॉनेटवरच्या अक्षरांत भागवावी. कंडेन्सर आजच्या घडणीचाच चांगला.

डेल्को उतरवून परत बसवलेला असेल आणि इंजिन कार्बोरेटरमधून फटफट उलटे शिंकत असेल, तर वायरींचा क्रम पाहायचा. या इंजिनात तो १-५-३-६-२-४ आहे. क्रम बरोबर असूनही शिंका थांबत नसतील, तर डेल्को अर्धा फेरा उलटा बसलेला असू शकतो.

ठिणगी चांगली, तरी इंजिन गप्प. मग पेट्रोल. यातली पहिली तपासणी मात्र डिपस्टिकची. कॅमशाफ्टवर चालणाऱ्या यांत्रिक पंपाचे, म्हणजे एसी पंपाचे डायाफ्रॅम फाटले तर पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन फिरवायचे नाही. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग तगत नाहीत, आणि चेंबरमधली वाफ पेटण्याचा धोका वेगळाच.

ऑइल ठीक असेल तर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे का ते पाहावे. आजचे पेट्रोल लवकर उडून जाते. काही आठवडे उभ्या ट्रकाचे चेंबर कोरडे पडते आणि ते भरायला यांत्रिक पंपाला बराच वेळ इंजिन फिरावे लागते. तोवर बॅटरी दमते. जाणते मालक आधी पिचकारीने चेंबर भरून घेतात आणि मगच पेडलवर पाय ठेवतात. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारणे मात्र जिवाशी खेळ आहे. एक उलटी शिंक आली, की ज्वाला थेट बाहेर येते.

टाकीत पेट्रोल आणि पंप नवा, तरी चेंबर भरत नाही, तेव्हा टाकी ते पंप ही वाट संशयित. या भागात पंप ओढत असतो. इथल्या रबरी नळीला भेग पडली तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. जमीन कोरडी दिसते म्हणून नळी निर्दोष समजली जाते आणि बिचारा पंप तिसऱ्यांदा उघडला जातो. चासी आणि इंजिन यांच्यामधली लवचीक नळी प्रथम बदलावी.

इथेनॉलने या सगळ्यात भर घातली आहे. सीसीकेडब्ल्यूचे कॉम्प्रेशन पावणेसातास एक एवढे कमी, त्यामुळे ऑक्टेनच्या बाबतीत आजचे कोणतेही पेट्रोल त्याला पुरून उरते. अडचण वेगळी आहे. त्या काळच्या रबरी डायाफ्रॅमला आणि नळ्यांना इथेनॉल सोसत नाही. ती फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉलचा थर पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतो, आणि पंपाची नळी तळाजवळूनच ओढते. ब्रिटनमध्ये २०२१पासून दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळू लागले. भारतात २०२३पासून वीस टक्क्यांचे येऊ लागले. जबलपूरला बनलेल्या पेट्रोलवरच्या जोंगा या लष्करी गाड्या बाळगणाऱ्यांनाही म्हणूनच तोच उपाय करावा लागतो: डायाफ्रॅम, नळ्या आणि गॅस्केटे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्यायची, आणि गाडी महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर टाकी आणि चेंबर रिकामे करायचे.

गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू होत नाही, तो आजार वेगळा. चेंबरमधले पेट्रोल उष्णतेने उकळून आत सांडलेले असते, मिश्रण आधीच दाट झालेले असते. अशा वेळी चोक ओढणे म्हणजे रोग वाढवणे. चोक पूर्ण उघडा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत, आणि मग पेडल.

हे सगळे बरोबर असूनही इंजिन पेटत नसेल, तर सिलिंडरमधला दाब मोजावा. बरीच वर्षे उभ्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह गंजाने किंवा चिकट मळाने उघडाच अडकतो. कान देऊन ऐकले तर इंजिन फिरतानाचा आवाज एकसारखा येत नाही, दर काही फेऱ्यांनी हलका पडतो. इथे दाब नेमका किती, यापेक्षा सहाही सिलिंडरांत तो सारखा आहे का, हे महत्त्वाचे. एका सिलिंडरचा दाब कमी निघाला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा गळतात, न वाढला तर व्हॉल्व्ह.

डिझेल लष्करी ट्रकात ठिणगीच नसते, म्हणून दाबाचे महत्त्व आणखी वाढते. एमएएन या जर्मन कंपनीच्या परवान्याने १९५९पासून जबलपूरला बनू लागलेला शक्तिमान हे त्याचे भारतीय उदाहरण. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटते. इंजिन हळू फिरले तर ती उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत शोषली जाते आणि धुराड्यातून नुसता पांढरा, न जळलेल्या डिझेलचा धूर येतो. पांढरा धूर दिसतो म्हणजे डिझेल पोचते आहे, वेग कमी पडतो आहे. धूरच नसेल तर गाडीने एअर घेतली. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस जाऊन सलग धार लागली की स्क्रू घट्ट करायचा, आणि हेच पंपावर आणि शेवटी इंजेक्टरांच्या नटांवर करायचे. युद्धोत्तर अमेरिकन एम-३५ ट्रकात चोवीस व्होल्टसाठी बाराच्या दोन पेट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतली एकच बदलली, तर जुनी पेटी नव्या पेटीलाही खाली ओढते, म्हणून दोन्ही एकाच वेळी आणि एकाच वयाच्या घ्याव्या लागतात.